मिरज-जवारी-एक

ज्या साली दस्तगीरला नातू झाला, त्याच साली दस्तगीरला स्वतःला ऐकू येत नाही हे घरादाराला कळलं. ते साल दोन हजार त्रेचाळीस. मूल जन्मलं की घरातल्या वडीलधाऱ्याने त्याच्या कानात हळू अजान द्यायची असते. दस्तगीरने ती इतक्या मोठ्याने दिली की बाळाने टाहो फोडला, शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली आणि त्याची बायको जैतुनबी म्हणाली, "अहो, पोराला द्यायची होती. अख्ख्या मिरजेला नव्हे." सगळे हसले. दस्तगीरही हसला, पण का हसतायत ते त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

घर तंबोरे करणाऱ्यांचं. दुकानात दोघे भाऊ. धाकटा मौलासाब भोपळा निवडायचा, कापायचा, त्यावर तबलीचं लाकडी झाकण बसवायचा, तुणीच्या लाकडाची दांडी जोडायचा, नक्षी, पॉलिश, सगळं करायचा. मग तंबोरा थोरल्या दस्तगीरपुढे यायचा. दस्तगीरचं काम एकच. जवारी काढायची.

जवारी म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. तंबोऱ्याच्या तारा एका हाडाच्या घोडीवरून जातात. ती घोडी वर धारदार नसते, किंचित गोलसर, जवळजवळ सपाट असते. तार छेडली की ती त्या सपाटीला पुन्हा पुन्हा निसटती शिवते, आणि त्या शिवण्यातून एका सुराच्या पोटातून दहा बारीक सूर झिणझिणत वर येतात. ते झिणझिणणं म्हणजे जवारी. घोडी कानशीने घासून तो उतार असा साधायचा की तार ना चिकटली पाहिजे, ना सुटली पाहिजे. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा आणि बरोबर जागा सापडली की तंबोरा गायला लागतो. एक पापुद्रा जास्त घासला गेला की घोडी फुकट.

या दुकानात आजोबांपासून एक रीत होती. जवारी काढणारा तंबोरा छेडून स्वतः "बोलली" असं म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी जवारीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चांगली नाही, वाईट नाही. दुसऱ्याचा शब्द कानात शिरला की हात हलतो, असं आजोबा म्हणायचे. मौलासाबने ही रीत चाळीस वर्षं पाळली. दस्तगीरचे कान गेले, तेव्हा दोन वर्षं तो हनुवटी तबलीला टेकवून हाडातून आवाज घेत होता. हे फक्त मौलासाबला माहीत होतं आणि त्याने ते जैतुनबीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नातवाच्या अजानीनंतर दस्तगीरच्या कानामागच्या हाडात यंत्र बसलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. आत एक लहानसा संगणक, आणि तो बाहेरचा आवाज घेऊन, निवडून, सरळ कानाच्या नसेला द्यायचा. पहिल्या दिवशी दस्तगीर दर्ग्याच्या आवारात जाऊन तासभर नुसता बसला. चिमण्या, चपला, कुणाच्या तरी बांगड्या. घरी येऊन जैतुनबीला म्हणाला, "तुझा आवाज बदलला गं." ती म्हणाली, "इतक्या वर्षांत बदलणारच की." त्याने त्याच संध्याकाळी एक जवारी काढली, हनुवटी न टेकवता. माणसाने हे केलं कसं, या विचाराने त्याला कितीतरी दिवस अचंबा वाटत राहिला. मूर्ती घडवणाऱ्याला दक्षिणा देतात, तसं हे कान घडवणाऱ्याला काहीतरी दिलं पाहिजे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

तीन वर्षं यंत्राने एकदाही दगा दिला नाही. सेहेचाळीस सालच्या ऑगस्टात, एका दुपारी दस्तगीर कानामागे चार्जर चिकटवून पडला होता तेव्हा यंत्रात नवी सुधारणा उतरली. चार्जर काढल्यावर दस्तगीर खूश झाला. भाजी बाजारातही समोरच्याचं बोलणं स्वच्छ येऊ लागलं. पंख्याची घरघर गेली. फोनवर मुलगा दुबईहून बोलला तर शेजारी बसल्यासारखा.

पण त्याच आठवड्यापासून घोड्या बिघडू लागल्या.

बेळगावच्या गायिका गिरिजाताई नेसरीकर यांनी तंबोऱ्यांची जोडी सांगितली होती. त्यांच्या गुरूंच्या नावाचा जलसा होता आणि जोडी त्याआधी हवी होती. दस्तगीर घासायचा, छेडायचा, आवाज कोराच. पुन्हा घासायचा. घोडी खाली जायची, तार लोळायची, घोडी टाकून द्यावी लागायची. दुसरी घ्यायची. अकरा घोड्या गेल्या. समोर बसलेला मौलासाब भोपळ्यावर पॉलिशचा बोळा फिरवत राहायचा. तिसऱ्या घोडीलाच जवारी उत्तम आली होती आणि भावाने तिच्यावर पुन्हा कानस धरली, हे त्याने ऐकलं होतं. पण रीत होती. तो बोलला नाही.

गिरिजाताई आल्या, त्यांनी बाराव्या घोडीचा तंबोरा मांडीवर घेतला, छेडला आणि कान तारेजवळ नेला. मग त्यांनी तंबोरा हलकेच खाली ठेवला.

"दस्तगीरभाई, हा गात नाहीये हो."

माणूस अशा वेळी जे करतो ते त्याने केलं. जवळच्या माणसावर घसरला. हाड मौलासाब आणत असे. उंटाचं हाड, मिरजेच्या बाहेरून कुठून तरी. दस्तगीरने गिऱ्हाइकादेखत सांगितलं की हाडच कुजकं आलंय. पुढे म्हणाला, "जन्मभर भोपळे कापलेस, पण अजून हाड ओळखता येईना तुला."

मौलासाबने हातातला बोळा डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गिरिजाताईंनी जाताना दीड महिन्याची मुदत दिली, हे त्यांचं मोठेपण.

नवव्या दिवशी मौलासाबची मुलगी तहसीन आली. ती सांगलीला कानाच्या दवाखान्यात यंत्रं तपासायची, त्यांच्यातले प्रोग्रॅमही लिहायची. बापाचा अपमान तिच्या डोक्यात होताच. पण बडे अब्बांच्या, म्हणजे दस्तगीरच्या, यंत्राची तपासणीची तारीख आली होती आणि तारीख ती चुकवत नसे. दारातूनच म्हणाली की मी दवाखान्याची म्हणून आलेय, पुतणी म्हणून नाही. जैतुनबीने दवाखान्याची आणि पुतणी, दोघींना पुरेल एवढा चहा टाकला.

तहसीनने यंत्राला आपला छोटा पडदा जोडला. समोर तंबोरा होता, त्यावर जुनी, कधीची तरी उत्तम घोडी होती. तिने सहज छेडला. खोली भरून गेली. तिने विचारलं, कसा वाटतो?

"साफ," दस्तगीर म्हणाला. "काचेसारखा."

तहसीनचा हात तारेवरच थांबला. ती म्हणाली, "बडे अब्बा, तंबोरा काचेसारखा कधी वाजतो का?"

तिने पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या. खोलीतल्या आवाजाची रेघ झालरीसारखी दाट होती. दस्तगीरच्या नसेला पोचणाऱ्या आवाजाची रेघ सोललेल्या काडीसारखी. झालर यंत्रातच कापली जात होती. दस्तगीर त्या दोन रेघांकडे पाहत राहिला. मग उठला आणि कोपऱ्यातल्या टाकलेल्या घोड्या एकेक उचलून बोटाने चाचपू लागला. तिसरी हातात आली तेव्हा त्याचा अंगठा तिच्यावर थबकला. तिचा अर्धा उतार अजून उत्तम होता. त्याला कळलं, हाड चांगलंच होतं, घोड्या आपल्याच कानशीने गेल्या.

तहसीनने मग नीट समजावलं. तिला समजावता यायचं, तो तिचा गुण.

यंत्रात पाच-सहा प्रोग्रॅम असतात. एक बोलणं ऐकण्याचा, एक फोनचा, एक रस्त्याचा, एक गाण्याचा. आवाज साफ करण्याचं काम सगळ्यांनाच लागतं. प्रत्येकाने आपापलं सफाईचं सामान बाळगलं तर एवढ्याशा दाण्यात जागा पुरणार नाही, बॅटरीही पुरणार नाही. म्हणून सफाईची सगळी कामं एका ठिकाणी ठेवतात. तिला लायब्ररी म्हणतात, सामायिक लायब्ररी. गल्लीत एकच करवत-यंत्र असावं आणि सगळ्या दुकानांनी लाकूड तिथेच कापून आणावं, तसं. याचा मोठा फायदा आहे. करवतीचं पातं एकदा सुधारलं की सगळ्या गल्लीचं काम सुधारतं. ऑगस्टातली सुधारणा हीच. लाखो माणसांना तिने बाजारात बोलणं ऐकवलं. वाईट काहीच केलं नाही तिने. फक्त नवं पातं ज्यांनी घडवलं त्यांनी त्याला शिकवलं की झिणझिण म्हणजे सैल जोडणीचा दोष, तो काढून टाक. गाण्याच्या प्रोग्रॅमला हे कुणी विचारलं नाही. तो 'सफाई' या नावाने हाक मारतो आणि आत जे काही असेल ते घेतो. नाव तेच, काम बदललेलं. त्याला कळायला मार्गच नाही.

"मग जुनं पातं बसव," दस्तगीर म्हणाला.

तिने बसवून पाहिलं. तिची चूक झाली ती इथे. फोनचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीत आलेलं एक नवं काम नावाने मागत होता. जुनीत ते नाव नव्हतं. लायब्ररीवर विसंबलेल्या प्रोग्रॅमला हवं ते नाव सापडलं नाही तर तो अर्धवट चालत नाही, उभाच राहत नाही. फोनचा अडला, त्याच्या मागे बाकीचे अडले. दस्तगीर दोन दिवस ठार बहिरा झाला. त्याने हनुवटी तबलीला टेकवून पाहिली. आता तिथूनही काही येत नव्हतं, कान आतूनच संपला होता. ते दोन दिवस तो दुकानात मौलासाबच्या रिकाम्या पाटासमोर बसून होता. जैतुनबीने पाटीवर लिहून विचारलं, जेवणार का. त्याने नाही म्हणून मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तहसीनने नवी लायब्ररी परत बसवून त्याचा कान जिवंत केला आणि म्हणाली की दुसरी एक वाट आहे.

गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टुडिओत एक मोठा प्रोग्रॅम असतो. त्याला यजमान म्हणू. त्यात बाहेरच्या कुणीकुणी केलेले लहान प्रोग्रॅम येऊन बसतात, एक घुमारा देणारा, एक सूर सावरणारा. त्यांना प्लगइन म्हणतात. हे एकमेकांना ओळखत नाहीत. यजमान एका देशात लिहिलेला, पाहुणा दुसऱ्या. म्हणून त्यांच्यात एक फार सुंदर रीत आहे. कोणतीही जास्तीची गोष्ट हवी असली की आधी नाव घेऊन विचारायचं. तुमच्याकडे अमुक आहे का? असेल तर यजमान ती कशी वापरायची त्याची यादी हातात देतो. नसेल तर सरळ नाही म्हणतो, आणि त्या नाहीने काही मोडत नाही. पाहुणा आपल्याकडे आहे त्यात काम भागवतो. विस्तार म्हणतात त्याला. आणि एकदा एका नावाचा अर्थ ठरला की तो कधी बदलायचा नाही. सुधारायचं असेल तर नवं नाव घ्यायचं, शेवटी दोन लिहायचं, तीन लिहायचं. जुनं आहे तसंच राहतं.

"म्हणजे मैफलीला परगावचा तबलजी येतो तसं," दस्तगीर म्हणाला. "हा ठेका येतो का विचारायचं. नाही म्हणाला तर साधा तीनताल."

"तसंच. आणि गंमत सांगू? प्लगइनसुद्धा मुळात लायब्ररीच असते. फाइल उघडून पाहिली तर तोच घाट. लाकूड एकच, बडे अब्बा. वागण्याची रीत तेवढी निराळी."

दस्तगीरला हे फार आवडलं. कुणी एवढं बसून, अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचा विचार केला, आणि तोही माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी. तो म्हणाला की हे ज्याने काढलं त्याच्या घरी चांगले संस्कार असणार.

कानाच्या यंत्रातही नव्या सुधारणेने असं एक दार उघडून ठेवलं होतं. तहसीन जवारीचं प्लगइन लिहिणार होती. ते यंत्राला विचारणार, सफाईच्या आधीचा कच्चा आवाज मला मिळेल का? हो म्हणालं तर त्यातली जवारी तेवढी ओळखून, साफ आवाजात परत मिसळणार. पण जवारी कोणती आणि खरखर कोणती, हे तिला कळत नव्हतं. शंभर घोड्यांचे शंभर आवाज हवे होते. चिकटलेली, सुटलेली, थोडी उरलेली, बरोबर आलेली. आणि प्रत्येकीचा आवाज ऐकून कुणीतरी सांगायला हवं होतं की ही काय आहे. दस्तगीरच्या बोटांना ते घडवता येत होतं, पण ऐकू येत नव्हतं. ज्याला ऐकू येत होतं आणि ज्याने सगळ्या आयुष्यात दुसरं काही ऐकलं नव्हतं, असा मिरजेत एकच माणूस होता. तहसीन त्याचं नाव घेणार नव्हती. ती बापाची लेक होती.

दस्तगीर शुक्रवारची नमाज झाल्यावर मौलासाबच्या घरी गेला. मौलासाब ओट्यावर बसून एका भोपळ्याच्या बिया काढत होता. पुढच्या साली पेरायला देण्यासाठी. त्याने बाजूला सरकून जागा केली, पण वर पाहिलं नाही. दस्तगीर माफीचे चार शब्द मनात जुळवून आला होता. ते सगळे विसरला. त्याने आजवर कधी न विचारलेलं तेच विचारलं.

"मौल्या, तुला जवारी कळते का?"

मौलासाबने बिया खाली ठेवल्या.

"चाळीस वर्षं तुझ्यासमोर बसलोय, भाई. भिंतीला बसवलं असतंस तर भिंतीलापण कळली असती."

"मग तिसऱ्या घोडीला बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

दस्तगीरने ओट्यावर सांडलेल्या बिया वेचून कागदावर ठेवल्या. मग मौलासाब उठला, बियांचा कागद पुडीसारखा बांधला आणि घरात ओरडून सांगितलं की मी दुकानात जातोय, जेवायला वाट बघू नका.

पुढचे चोवीस दिवस त्या दुकानात आजोबांची रीत रोज मोडली. दस्तगीर घासायचा, मौलासाब छेडायचा आणि बोलायचा. चिकटली. अजून चिकटली. हां, जरा उघडली. आता थांब, धागा सरकव. तहसीन प्रत्येक आवाज घेऊन त्याच्यापुढे बापाचा शब्द लिहायची. मौलासाबला बोलायची सवय नव्हती, पण एकदा सुरू झाला तो थांबेना. ही पितळी घंटेसारखी, ही ओल्या घोंगडीसारखी, ही सर्दी झालेली. दस्तगीर म्हणाला की एवढं पोटात घेऊन हा जेवत कसा होता. जैतुनबी म्हणाली, म्हणूनच दोन भाकऱ्या कमी लागायच्या. कानस चालवणारं बोट आणि ऐकणारा कान वेगवेगळ्या माणसांचे असूनही घोड्या चांगल्या निघायला लागल्या होत्या. हे दस्तगीरच्या लक्षात आलं.

नाव ठरवायची वेळ आली तेव्हा तहसीनने बापाला विचारलं. मौलासाबने सांगितलं, गावाचं घाल, आपलं नको. तिने लिहिलं, मिरज-जवारी-एक.

पंचविसाव्या दिवशी सकाळी तिने ते दस्तगीरच्या कानात उतरवलं. पडद्यावर एक ओळ आली. मिरज-जवारी-एक विचारत आहे. दुसरी ओळ आली. आहे. तहसीनने मान डोलावली. दस्तगीरने गिरिजाताईंचा तंबोरा घेतला आणि पहिली, पंचमाची तार छेडली, मग मधल्या जोडीच्या तारा, मग शेवटची खर्जाची. आणि सुराच्या पोटातून ती झालर उठली. तीन महिन्यांनी. आधी खर्जातून, मग जोडाला जाऊन मिळाली, आणि दुकान आतून उजळावं तसं काहीतरी झालं. तो छेडत राहिला. जैतुनबी दारात येऊन उभी राहिली ते त्याला दिसलं नाही.

"बोलली," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण त्याने भावाकडे पाहिलं.

"बोलली का रे?"

मौलासाबने डोळे मिटले, ऐकलं, आणि म्हणाला, "नाही. पंचमाला अजून एक पापुद्रा आहे."

दस्तगीरने स्वतः पुन्हा ऐकलं. होता. त्याने हसत कानस उचलली.

गिरिजाताईंनी जोडी नेली आणि त्यांच्या जलशाला दोघे भाऊ पहिल्या रांगेत बसले. तहसीनने प्लगइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. जुन्या यंत्रांत ते उतरलं की विचारायचं, कच्चा आवाज आहे का? यंत्र नाही म्हणायचं आणि ते गुपचूप बाजूला बसायचं. एकाही माणसाचा कान त्यामुळे बंद पडला नाही. तिला याचाच सगळ्यात जास्त अभिमान होता. तिच्या पावलावर पाऊल ठेवून इतरांनी आपापली नावं केली. एका मधपाळाने पोळ्यातल्या राणीचा आवाज राखला. इचलकरंजीच्या एका मागवाल्याने झिजलेल्या बेअरिंगची कुरकुर राखली, कारण तिच्यावरून त्याला माग कधी बिघडणार ते कळायचं. लायब्ररी आपल्या जागी होतीच, सगळ्यांचं बोलणं साफ करत. कुणी तिला वाईट म्हणालं की दस्तगीर तिची बाजू घ्यायचा. म्हणायचा, तिच्यामुळे मला नातवाचं बोलणं कळतं. फक्त तिला विचारायची सवय नाही. ती आम्हालाही नव्हती.

पुढे पाच वर्षं दुकान तसंच चाललं. मग एका हिवाळ्यानंतर मौलासाबचा पाट रिकामा झाला. दस्तगीर अजून जवारी काढतो. तंबोरा छेडून झाला की समोर पाहून "बोलली का रे?" असं विचारतो. मग स्वतः पुन्हा ऐकतो, आणि लागली तर कानस उचलतो.

मौलासाब मिरजेत, आपल्या घरी, चौदा फेब्रुवारी दोन हजार बावन्न रोजी सकाळी वारला. त्याचं वय बहात्तर होतं.